शेअर्ड मेमरी रुसली की आधी हे बघा

सी मध्ये लिनक्सवर शेअर्ड मेमरी वापरताय? कालपर्यंत चालणारा प्रोग्राम स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवल्यावर आज ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणतो, आणि माणूस कोड उलटापालटा करत बसतो. दोष बहुतेकदा जुन्या सेगमेंटचा. सिस्टिम-फाइव्ह प्रकारातला सेगमेंट प्रोग्राम संपला तरी जात नाही. मशीन रीबूट होईपर्यंत किंवा कुणी काढेपर्यंत तिथेच ठाण मांडून असतो. त्याच की-ने तुम्ही आता मोठा आकार मागितलात की ‘शेमगेट’ सरळ नकार देतो. टर्मिनलवर ‘आयपीसीएस -एम’ चालवा, की आणि आकार पडताळा, ‘एनअटॅच’ खाली शून्य असेल तर ‘आयपीसीआरएम -एम’ आणि आयडी देऊन काढून टाका. शून्य नसेल तर कुणीतरी अजून जोडलेलं आहे, घाई नको.

‘शेमॅट’ फसला तर नल नाही, उणे एक परत देतो. नल तपासणारा कोड पुढे जाऊन सेगमेंटेशन फॉल्टवर आपटतो. (ही रचना कुणाला सुचली कोण जाणे!)

पॉझिक्सवाल्यांचं दुखणं वेगळं. ‘शेमओपन’ने बनवलेला नवा ऑब्जेक्ट शून्य बाइटचा असतो. ‘एफट्रंकेट’ विसरलात तरी ‘एममॅप’ निमूट यशस्वी होतो, आणि पहिल्याच लिखाणाला ‘बस एरर’. डॉकरमध्ये तर ‘एफट्रंकेट’ करूनही तो येऊ शकतो, कारण तिथे ‘/डेव्ह/एसएचएम’ला मुळात 64 एमबीच मिळतात. ‘डीएफ -एच’ने जागा बघा, ‘--एसएचएम-साइझ’ने वाढवा.