डग्गा हरवलेला ॲम्प्लिफायर

नाशिकच्या भजनी मंडळांच्या कपाटांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अहुजा, फिलिप्स, सोनोडाइन अजून निघतात. बटण दाबले की आधी ‘घूंऽऽ’ येते. तबला लावला तर चाट ऐकू येते, डग्गा मात्र गायब. दुकानदार ‘भंगारात द्या’ म्हणतो. घाई करू नका. अशा वेळी ट्रान्झिस्टर बहुधा धडधाकट असतात. थकलेले असतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर.

या कंडेन्सरच्या डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते आणि पट्ट्यांमध्ये द्रावणात भिजवलेला कागद. हे द्रावण बुचाच्या कडेने वर्षानुवर्षे उडत राहते. मग कंडेन्सरची क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. तापमान 10 अंशांनी चढले की आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याखालच्या खोलीत मे महिने काढलेल्या सेटची अवस्था त्यावरून ओळखावी.

‘घूं’चे कारण पॉवर सप्लायमध्ये सापडते. घरातली वीज 50 हर्ट्झची. रेक्टिफायरमधून बाहेर पडताना तिचे 100 हर्ट्झचे हेलकावे होतात. ते सपाट करणे हे मोठ्या फिल्टर कंडेन्सरचे काम. तो सुकला की हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात.

डग्ग्याचे गणित निराळे आहे. त्या काळच्या अनेक ट्रान्झिस्टर सेटमध्ये स्पीकरच्या वाटेवरच एक कंडेन्सर बसवलेला असे. तो 1000 मायक्रोफॅरडचा आणि स्पीकर 8 ओहमचा असेल, तर सुमारे 20 हर्ट्झपासून वरचा आवाज नीट जातो. क्षमता 200 वर आली की हीच सीमा 100 हर्ट्झवर सरकते, आणि डग्ग्याची घुमक नेमकी तिथेच अडते.

आता कामाकडे. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. ती स्क्रूड्रायव्हर टेकवून नव्हे, तर 5 वॅटच्या, शे-दोनशे ओहमच्या रेझिस्टरमधून उतरवावी आणि मल्टिमीटरने खात्री करावी. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो. नवख्याने त्यात हात घालू नये.

बोर्डाचा फोटो काढून ठेवा. मग एक काढा, एक बसवा. सगळे एकदम उपटले की कोणता कुठला हे कोडे होऊन बसते. नव्याचे व्होल्ट जुन्याइतके किंवा थोडे जास्त, क्षमता शक्यतो तीच, तापमान 105 अंशांचे. फिल्टरची क्षमता उत्साहाने दुप्पट करू नये, सुरू होताना डायोडवर ताण येतो. डबीवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो, बोर्डावर मात्र बहुधा धन चिन्ह छापलेले असते. चुका इथेच होतात, आणि उलटा बसलेला कंडेन्सर फुटतो.

सरसकट सगळे बदलण्याची हौस मला पटत नाही. सिरॅमिक आणि फिल्म कंडेन्सरमध्ये सुकायला द्रावणच नसते, त्यांना सहसा हात लावू नये. व्हॉल्व्हच्या सेटमधले मेणकागदी कंडेन्सर हा अपवाद: ते गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्ह तापून लाल होतो. तिथे जाणकाराकडून 630 व्होल्टचे फिल्म कंडेन्सर बसवून घ्यावेत. असे फिल्म कंडेन्सर नाशिकला परके नाहीत. सातपूरच्या टीडीकेच्या (पूर्वीच्या एपकॉसच्या) कारखान्यात फिल्म कंडेन्सर बनतात.

काम झाले तरी सेट थेट प्लगमध्ये घालू नका. आधी सिरीज बोर्डावर, 60 किंवा 100 वॅटच्या तारेच्या बल्बमधून चालू करा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्टच दिसले तरच स्पीकर लावा, आणि तोही पहिल्यांदा एखादा जुना, स्वस्तातला.