बोटीचं इंजिन सुरू होईना?

आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना सरदार सरोवराच्या पाण्यात बोटीचाच आधार. पेशंट बोटीत आणि जुनं टू-स्ट्रोक इंजिन ढिम्म, तर?

आधी किल-स्विचची दोरी जागेवर आहे का बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळीतला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. तरी नाही? प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. फिल्टर, कार्ब्युरेटर साफ करा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, वाफ उडू द्या, मग चोक न ओढता सुरू करा. प्लग ठीक, पेट्रोलही ठीक, तर वायर आणि कॉइल तपासा.

मी तर म्हणतो, नवा प्लग, पाना आणि वल्हं बोटीतच ठेवा. नदीच्या मध्यावर गॅरेज नसतं!