घड्याळाची तारीख रात्री बदलू नका

रमजानच्या महिन्यात घड्याळाकडे जितक्या वेळा पाहिले जाते, तितके एरवी वर्षभरात क्वचितच पाहिले जात असेल. सहेरी संपायला किती मिनिटे उरली, मगरिबची अजान कधी, तरावीहची नमाज किती वाजता, सगळा दिवस काट्यांवर चालतो. मोबाइलवर वेळ दिसते हे खरे. तरीही पुष्कळ घरांत याच दिवसांत कपाटातले चावीचे किंवा ऑटोमॅटिक घड्याळ बाहेर निघते. कुणाकडे ते अब्बांचे असते, कुणाकडे आजोबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेले. ईदच्या दिवशी नव्या कपड्यांवर तेच बांधायचे असते. अशी घड्याळे हिंदू, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कपाटांतही असतात. ती लग्नसराईत किंवा दसरा-दिवाळीला बाहेर येतात.

महिनोन्‌महिने पडून राहिलेले घड्याळ बंद असते. चावी दिली की ते चालू लागते, वेळही लागते. अडचण येते ती तारखेपाशी. रमजानमध्ये ती जास्त येण्याचे कारण साधे आहे. घरातली माणसे निवांत बसतात ती तरावीहनंतर, म्हणजे रात्री दहा-साडेदहाला, नाहीतर थेट सहेरीला, पहाटे तीन-चारला. घड्याळातली तारीख बदलण्याचे कामही याच तासांत चालू असते आणि त्यात आपण हात घालतो.

हे नीट कळायला घड्याळाच्या पोटात डोकवावे लागेल. तबकडीखाली एक पातळ गोल कडे असते. त्यावर १ ते ३१ आकडे छापलेले असतात आणि त्याच्या आतल्या बाजूला ३१ दाते असतात. खिडकीतून आपल्याला त्यातला एकच आकडा दिसतो. तासकाटा ज्या चाकावर बसतो ते चाक बारा तासांत एक फेरा पूर्ण करते. ते आपल्या शेजारच्या चाकाला फिरवते, आणि त्या चाकाचा फेरा चोवीस तासांचा असतो. या दुसऱ्या चाकावर बोटासारखा एक छोटा भाग असतो. दिवसातून एकदा ते बोट कड्याच्या एका दात्याला टेकते आणि त्याला एक घर पुढे ढकलते. कडे आपोआप सरकू नये म्हणून एक बारीक स्प्रिंग दोन दात्यांच्या मध्ये रुतून बसलेली असते.

बहुतेक घड्याळांत हे ढकलणे झटक्यात होत नाही. रात्री नऊ-दहाच्या सुमारास बोट दात्याला भिडते, दोन-तीन तास त्याला रेटत राहते, मध्यरात्रीच्या आसपास स्प्रिंग दाता सोडते आणि आकडा बदलतो. त्यानंतरही बोट दात्यांतून पुरते बाहेर पडायला वेळ लागतो. वार दाखवणारे घड्याळ असेल तर वाराचे चाक त्यामागून फिरते आणि हा कारभार पहाटे तीन-चारपर्यंत लांबतो. म्हणून रात्री नऊ ते पहाटे चार ही वेळ तारखेला हात न लावण्याची समजावी.

आता चावी अर्धी ओढून तारीख बदलायची सोय पाहू. त्या जागी चावी फिरवली की एक वेगळे लहान चाक थेट तारखेच्या कड्याला फिरवते. बोट आधीच दात्यात अडकलेले असताना आपण कडे फिरवले, तर एकाच कड्यावर दोन बाजूंनी जोर येतो. एखादा दाता तुटतो, बोट वाकते किंवा लहान चाकाचे दाते झिजतात. कित्येक घड्याळांत यातले काही भाग प्लास्टिकचे असतात. त्या क्षणी फक्त हलकासा ‘कट्ट’ आवाज येतो. वेळ बरोबर चालत राहते, त्यामुळे काही बिघडले आहे हे चार दिवसांनी लक्षात येते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धोका आहे तो काटे जी वेळ दाखवतात तिचा. बाहेर खरोखर किती वाजले आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. बंद पडलेले घड्याळ ११ वाजून २० मिनिटे दाखवत असेल, तर ते सकाळचे अकरा की रात्रीचे, हे तबकडीवरून सांगता येत नाही. म्हणून भर दुपारी लावलेल्या घड्याळाची तारीखही बिघडू शकते, आणि योग्य रीतीने लावले तर रात्री अकरालाही काही होत नाही.

ती रीत अशी. आधी चावी द्या. ऑटोमॅटिक असेल तर थोडा वेळ हलकेच हलवा. चावी पूर्ण बाहेर ओढा आणि काटे पुढेच फिरवा, तारीख बदलेपर्यंत. तारीख बदलली म्हणजे घड्याळाची मध्यरात्र झाली. तिथे न थांबता काटे सकाळच्या सहापर्यंत आणा. आता बोट दात्यांपासून दूर आहे. चावी एक घर आत ढकलून मधल्या जागी आणा आणि कालची तारीख लावा. वार असेल तर तोही कालचा. पुन्हा चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवा. मध्यरात्र ओलांडताना आजची तारीख आपोआप येईल. मग खऱ्या वेळेपर्यंत या. आत्ता दुपार किंवा संध्याकाळ असेल तर वाटेत दुपारचे बारा एकदा ओलांडायला विसरू नका. शेवटी चावी घट्ट आत बसवा. या सगळ्यात काटे मध्यरात्रीवरून उलटे फिरवू नयेत.

काही जुन्या घड्याळांत मधली जागाच नसते. तिथे तारीख काट्यांनीच पुढे न्यावी लागते. एका तारखेसाठी मिनिटकाट्याचे चोवीस फेरे. काम कंटाळवाणे आहे, पण निर्धोक आहे.

आता नेहमीच्या तक्रारी पाहू. तारीख दुपारी बारा वाजता बदलते, ही त्यांतली सर्वांत सोपी. यात बिघाड काहीच नाही. घड्याळ बारा तासांनी चुकीचे लागले आहे. काटे बारा तास पुढे न्या, झाले. रात्री साडेअकराला खिडकीत अर्धा २० आणि अर्धा २१ दिसतो, हीही तक्रार नव्हे. आकडा बदलण्याच्या वाटेवर आहे. पहाटेपर्यंत थांबा. मात्र सकाळी दहालाही आकडा अर्धाच राहिला, तर स्प्रिंग कमजोर झाली आहे किंवा तिथे कचरा साचला आहे.

एचएमटीच्या अनेक वार-तारखेच्या घड्याळांत वार हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतो. दोन भाषांच्या अशा काही घड्याळांत वाराचे चाक दोन टप्प्यांत पुढे जाते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर थोडा वेळ नको त्या भाषेतला वार दिसतो. सहेरीला उठून तो पाहिलात तर चावीला हात लावू नका, सकाळी तो जागेवर येईल.

चावीने तारीख बदलते, पण रात्री आपोआप बदलत नाही, असे असेल तर ढकलणारे बोट किंवा त्याचे चाक गेलेले आहे. याउलट रात्री बदलते पण चावीने बदलत नाही, तर लहान चाक झिजले आहे. असे घड्याळ काटे फिरवून तारीख लावत वापरता येते. आणखी एक प्रकार असतो. घड्याळ दिवसभर चालते आणि रोज रात्री अकरा-बाराच्या सुमारास थांबते. त्या वेळी कडे ढकलण्याचा जादा भार असतो आणि आतले तेल सुकले असेल तर यंत्राला तो पेलत नाही. इथे दोष बहुधा तारखेचा नसतो; घड्याळ उघडून, साफ करून तेल द्यायला हवे. घड्याळजींकडे गेल्यावर नुसते ‘तारीख बिघडली’ असे न सांगता, ती केव्हा बदलते, केव्हा अडते आणि चावीने काय होते, या तीन गोष्टी सांगाव्यात. निम्मे निदान तिथेच होते.

कड्यावर ३१ घरे असल्यामुळे निरोगी घड्याळालाही वर्षातून पाच वेळा मदत लागते: मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की ही दुरुस्ती ऐन रोज्यांत येते. २८ फेब्रुवारीची मध्यरात्र उलटली की घड्याळ २९ दाखवते आणि तीन घरे पुढे न्यावी लागतात. ते काम पहिल्या मार्चला सकाळी न्याहारीच्या वेळी, म्हणजे रोजेदारांनी कामावर निघताना करावे.

रमजानची तारीख मात्र या कड्यावर नसतेच. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, आणि दिवस सुरू होतो सूर्यास्ताला. घड्याळाचे बोट मध्यरात्रीची वाट पाहत असते, तेव्हा रोजेदारांचा नवा दिवस सुरू होऊन काही तास झालेले असतात. पार्मिजियानी या स्विस कंपनीने हिजरी कालगणना दाखवणारे मनगटी घड्याळ काढले. त्यात तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षे ३५५ दिवसांची धरणारे गणित चाकांत बसवले आहे. पण ते गणितच आहे. आपल्या गावात ईद उद्या की परवा, हे चंद्रदर्शनावर ठरते आणि ढगाळ आभाळाचा हिशोब कोणत्याही दात्यात बसत नाही.

बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची मनगटी घड्याळे बनू लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून या घड्याळांचे सुटे भाग बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढूनच मिळवावे लागतात. म्हणजे तुमच्या घड्याळाचा एक दाता वाचवायला कुणाचे तरी दुसरे घड्याळ मोडावे लागते. तेव्हा अब्बांचे किंवा आजोबांचे घड्याळ पुढच्या पिढीच्या हाती देताना एवढे जरूर सांगा: तारखेला हात लावण्याआधी काटे सहावर आण.