परसबागेतील भाज्या व त्यांची साठवण

भारताच्या बहुतेक भागांत भाज्यांचा सुकाळ हिवाळ्यात असतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडील मैदानी प्रदेशात फुलकोबी, मटार, गाजर, मुळा, पालक व टोमॅटो ही सारी पिके जवळजवळ एकाच वेळी हाती येतात. मे-जून महिने उजाडले की त्याच घरांतील भाजीची टोपली रिकामी दिसू लागते आणि बटाटा व कांदा यांवर दिवस काढावे लागतात. परसबाग असलेल्या कुटुंबाला हा विरोध अधिकच जाणवतो. बागेतील उत्पन्न बाजारात नेण्याइतके मोठे नसते, पण एका घरात संपेल इतके लहानही नसते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही जे उरते, त्याचे काय करावे हा प्रश्न बाग करणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने बटाट्यासारखे कंद सोडून रोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. पाच माणसांच्या कुटुंबाची भाजीची गरज भागविण्यास साधारणपणे २०० ते २५० चौरस मीटर जागा पुरेशी मानली जाते. शहरातील फारच थोड्या घरांजवळ एवढी मोकळी जमीन असते. परंतु याच्या दशांश जागेतही पालक, मेथी, कोथिंबीर, मिरची आणि कुंपणावर चढविलेला एखादा वेल यांची सोय होते. स्वयंपाकघरातील धुण्याचे पाणी ज्या बाजूस वाहत जाते, तिकडे केळ किंवा अळू लावण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे.

साठवणीचा विचार पेरणीपासूनच करावा लागतो. मुळ्याच्या बियांची पुडी फोडून सारे बी एकाच दिवशी टाकले, तर सहा-सात आठवड्यांनी वाफ्यातील सर्व मुळे एकदम तयार होतात आणि आणखी दोन आठवड्यांत ती जून व पोकळ होऊ लागतात. तेच बी दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले, तर उरण्याचा प्रश्नच पुष्कळसा मिटतो. पालक, मेथी व कोथिंबीर यांनाही हाच नियम लागू पडतो. टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. त्याची रोपे टप्प्याटप्प्याने लावली, तरी थंडी सरताना फळे एकदमच पिकतात, आणि म्हणून साठवणीचे खरे काम टोमॅटोपाशीच सुरू होते.

वाणाची निवड हीही काळाशी बांधलेली असते. फुलकोबीच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितके क्वचितच दुसऱ्या भाजीच्या बाबतीत असेल. उत्तर भारतात ‘पुसा दीपाली’सारखे हळवे वाण मे-जूनमध्ये पेरतात, त्यांचे गड्डे २० ते २७ अंश सेल्सिअस तापमानात धरतात. ‘पुसा स्नोबॉल’ गटातील गरवे वाण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये पेरतात; त्यांना गड्डा धरण्यास १० ते १६ अंशांची थंडी लागते. हळव्या वाणाची पेरणी लांबली, तर रोप पुरते वाढण्यापूर्वीच गुंडीएवढा गड्डा धरून बसते. गरवा वाण लवकर पेरला, तर नुसती पाने वाढत राहतात. ‘बी खोटे निघाले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी अनेकदा बी खोटे नसून महिना चुकलेला असतो. (या वाणांच्या नावांतील ‘पुसा’ हे बिहारमधील गावाचे नाव होय. १९३४ च्या भूकंपानंतर तेथील कृषी संशोधन संस्था १९३६ मध्ये दिल्लीस हलविण्यात आली आणि गावाचे नावही तिच्याबरोबर गेले.)

वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. गजबजलेल्या वस्तीत मधमाश्या कमी असल्या की ही कोवळी फळे पिवळी पडून गळतात व माणूस खत वाढवीत बसतो. अशा वेळी नर फुल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. मात्र वेळ सांभाळली पाहिजे: लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, तर दुधी भोपळ्याची व दोडक्याची संध्याकाळी. सकाळी दुधीच्या वेलाशी केलेला खटाटोप सहसा वाया जातो.

किडींविषयी थोडे सावधपणे लिहिणे भाग आहे. परसबागेवरील जुन्या पुस्तकांत डीडीटी व बीएचसी यांची भुकटी धुरळण्याचा सल्ला सर्रास आढळतो. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये व बीएचसीचा वापर १९९७ मध्ये बंद करण्यात आला. तेव्हा अशी पुस्तके हाती आल्यास त्यांतील तो भाग वगळूनच वाचावा. घरच्या भाजीसाठी निंबोळीचा अर्क पुरेसा ठरतो. वाळलेल्या निंबोळीतील गर कुटून ५० ग्रॅमला एक लिटर या प्रमाणात रात्रभर पाण्यात भिजत घालावा, सकाळी फडक्याने गाळावा, थोडा साबण मिसळावा व उन्हे कलल्यावर फवारावा.

आता साठवणीकडे वळावयाचे. सर्वांत सोपी साठवण म्हणजे भाजी काही दिवस ताजी ठेवणे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष यासाठी उत्तम आहे. विटांच्या दोन समांतर भिंती रचून त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या फटीत वाळू भरतात आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडतात. वर गवताचे किंवा तट्ट्याचे झाकण असते. पाण्याच्या बाष्पीभवनामुळे आतील हवा कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी थंड राहते. कोकण किंवा केरळसारख्या दमट किनारपट्टीवर मात्र या कक्षाचा फारसा उपयोग होत नाही, कारण तेथे बाष्पीभवनच मंद असते.

वाळविणे हा देशातील सर्वांत जुना व सर्वत्र आढळणारा उपाय होय. काश्मीरमध्ये दुधीच्या लांब पट्ट्या दोरीवर टांगतात, वांगी देठाशी न तोडता उभी चिरून माळेसारखी ओवतात आणि टोमॅटोच्या फोडीही वाळवितात. बर्फामुळे रस्ते बंद होत, त्या दिवसांत या ‘होख स्यून’वरच घरे चालत. सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगरात मोहरीवर्गीय पाने कोमेजू देऊन, ठेचून, भांड्यात घट्ट दाबून आंबवितात व नंतर उन्हात वाळवितात; हाच गुंद्रुक. तमिळनाडूत सुंडक्काय खारट ताकात भिजवून वाळवितात. महाराष्ट्रातील सांडगी मिरची व ताकातील गवार हे त्याच विचाराचे रूप आहे, आणि कोहळ्याचे सांडगे व बंगालमधील ‘बोडी’ यांचे नातेही लपण्यासारखे नाही.

वाळविण्यापूर्वी बहुतेक भाज्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढाव्यात. त्यामुळे भाजीतील विकरे निष्क्रिय होतात व पुढे रंग आणि वास बिघडत नाही. पालेभाज्या सावलीतच वाळवाव्यात, कारण थेट उन्हाने त्यांतील कॅरोटीनचा नाश होतो. क जीवनसत्त्व मात्र कोणत्याही रीतीने वाळविले तरी बव्हंशी नष्ट होते. फुलकोबी पांढरी राहावी म्हणून व्यापारी तिला गंधकयुक्त क्षारांच्या द्रावणात बुडवितात. घरी त्याची आवश्यकता नाही. भाजी थोडी पिवळसर दिसली तरी बिघडत नाही, आणि दम्याच्या काही रोग्यांना हे क्षार सोसत नाहीत.

बाटल्यांत भाज्या भरण्याविषयी मात्र स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जीवाणूची बीजे असतात. उघड्यावर ती निरुपद्रवी असतात. परंतु जेथे हवा नाही व आम्लही पुरेसे नाही, अशा जागी ती रुजतात आणि अतिशय जहाल विष तयार करतात. असे अन्न दिसण्यात किंवा वासात बिघडलेले असेलच असे नाही. ही बीजे उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना मरत नाहीत. त्यांसाठी दाबाखालील सुमारे १२१ अंशांची उष्णता पुरेसा वेळ बाटलीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावी लागते. स्वयंपाकाच्या कुकरात चार शिट्ट्या दिल्याने ते साधत नाही. म्हणून मटार, घेवडा, गाजर, मका किंवा पालक घरी नुसत्या पाण्यात घालून बाटलीबंद करू नयेत. ज्यांचा सामू ४.६ पेक्षा कमी आहे, असेच पदार्थ उकळत्या पाण्यात निर्धोकपणे टिकविता येतात.

टोमॅटो या सीमारेषेवरच असतो. काही वाण पुरेसे आंबट असतात, काही नसतात, आणि फळ जास्त पिकले की आम्लता आणखी घटते. म्हणून पिकलेली पण न फुटलेली फळे उकळून, चाळणीतून गाळून, आटविलेल्या रसात लिटरमागे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल अवश्य घालावे. गरम रस गरम बाटलीत वरून बोटभर जागा सोडून भरावा. रुंद पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बाटल्या ठेवाव्यात आणि बुडतील इतक्या पाण्यात अर्ध्या लिटरच्या बाटल्या पाऊण तास उकळाव्यात. सिमल्यासारख्या उंच ठिकाणी पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते; तेथे हा वेळ तासभर करावा.

लोणच्यांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. तेलामुळे लोणचे टिकते असे मानून अलीकडे मीठ कमी करून तेल वाढविले जाते. वस्तुतः तेल केवळ हवा अडविते. बुरशीला त्याने आळा बसतो, पण वर सांगितलेल्या जीवाणूला तर हवा नकोच असते. लोणचे टिकविणारी शक्ती मिठात व आम्लात आहे. साधारणपणे १५ टक्के मीठ असल्यास बहुतेक सूक्ष्मजीव वाढत नाहीत. ज्यांना मीठ कमी हवे, त्यांनी आम्ल वाढवावे. पंजाबातील गाजर, फुलकोबी व सलगम यांच्या गोड-आंबट लोणच्यात शिरका ते काम करतो. भाज्या किंचित उकडून, कापडावर पूर्ण कोरड्या करून मगच ते घालतात. कच्च्या लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून महिनोन् महिने बाहेर ठेवणे मात्र सर्वथा टाळावे.

कोबी अधिक झाली, तर ती बारीक चिरून किलोमागे २५ ग्रॅम मीठ चोळावे व बरणीत घट्ट दाबावी. सुटलेल्या पाण्याखाली ती पूर्ण बुडून राहिली पाहिजे. त्यासाठी वर बशी व वजन ठेवावे. भाजीवरील जीवाणूच साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवितात. थंडीत याला तीन-चार आठवडे लागतात. उन्हाळ्यात ही क्रिया इतकी वेगाने होते की कोबी मऊ पडते, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यातच करणे इष्ट.

वाळविलेल्या भाज्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. पहिल्या आठवड्यात डबा दोन-तीनदा पाहावा. झाकणाच्या आतील बाजूस दव दिसले, तर भाजी पुन्हा उन्हात टाकावी. पावसाळ्यात मोठा डबा वारंवार उघडण्यापेक्षा आठवड्यापुरत्या लहान डब्या करणे सोयीचे पडते. शिजविण्यापूर्वी फोडी दुप्पट पाण्यात तास-दोन तास भिजवाव्यात आणि त्याच पाण्यात शिजवाव्यात. पालेभाज्यांना भिजविण्याची गरज नसते. त्या चुरून तशाच आमटीत घालता येतात.