दहा क्विंटलांचा एक क्षण

म्हसावदहून नाशिककडे जाणाऱ्या व्यापारी कुटुंबांना निफाडचा द्राक्षपट्टा परिचित आहे. त्याच तालुक्यात ४ जून २०२४ रोजी शिरसगावच्या शेतात सुखोई-३० हे लढाऊ विमान कोसळले. २७ जून २०१८ रोजी वावी ठुशी येथेही असाच अपघात झाला होता. दोन्ही प्रसंगी दोन्ही वैमानिक इजेक्शन आसनामुळे बचावले. ‘सुखरूप’ या एका शब्दात ही वार्ता संपते. शरीराने मोजलेली किंमत मात्र त्यात दिसत नाही.

मूठ ओढताच विमानावरील काचेचे आच्छादन दूर होते आणि आसनाखालील दारू व रॉकेट वैमानिकाला वर फेकतात. त्या निमिषात शरीरावर त्याच्या वजनाच्या बारा ते वीस पट भार येऊ शकतो. सत्तर किलोच्या माणसावर पंधरा पट भार म्हणजे दहा क्विंटलांहून अधिक! हा भार कण्यावर येतो. छाती व कंबर यांच्या सांध्याजवळील मणके दबून मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून पाठ ताठ, डोके टेकलेले आणि कोपरे अंगालगत ठेवण्याचा सराव करून घेतला जातो. वेग अधिक असल्यास वाऱ्याच्या झोताने हातपाय फेकले जाऊन सांधे निखळतात. पुढे छत्रीने उतरतानाही घोटे दुखावतात.

कारगिल युद्धात २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ मधून बाहेर पडले. पाठीच्या दुखापतीमुळे पुढे त्यांना लढाऊ विमाने सोडून मालवाहू विमानांकडे वळावे लागले.

तरीही मोठा धोका विलंबाचा असतो. आधुनिक आसने जमिनीवर उभ्या विमानातूनही जीव वाचवू शकतात. परंतु विमान वेगाने खाली येत असेल वा उलटे झाले असेल, तर एका सेकंदाचा उशीरही घातक ठरतो. विमान सावरेल ही आशा, ते गमावल्याचा ठपका, खालच्या वस्तीची चिंता, यांत हात थबकतो. बुडता सौदा वेळीच सोडणे किती कठीण, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच कोणत्या उंचीवर विमान सोडायचे, हे उड्डाणापूर्वीच ठरविलेले असते.

उतरलेला वैमानिक चालू लागला, तरी त्याचा मणका मोडलेला असू शकतो. त्याला उठवू वा बसवू नये. वैद्यकीय पथक येईपर्यंत निजवून ठेवावे. आसनालाही हात लावू नये. त्यात न फुटलेली दारू असू शकते. शेतात धावून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवले, तरी वाचलेला जीव पुन्हा पायांवर उभा राहण्यास साह्य होईल.