वळणावरचा पीळ

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. त्यातल्या एका दुकानात मागच्या महिन्यात मी अंगठ्याएवढ्या जाडीचा पोलादी दांडा हातात धरून उभा होतो. मीटरभर लांब, दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवलेली, टोकं चपटी करून त्यांना भोकं पाडलेली. गॅरेजात याला ‘स्टॅबिलायझर रॉड’ म्हणतात, अभियांत्रिकीच्या पुस्तकात ‘अँटी-रोल बार’ आणि अमेरिकेत ‘स्वे बार’. माझ्या गाडीला पुढच्या बाजूला असा दांडा कारखान्यातूनच आलेला आहे. मला त्याच्या जागी जाड हवा होता. जमलं तर मागेही एक.

कारण होतं शहराबाहेरून जाणारा नाइस रोड. या रस्त्यावर चढता-उतरताना जी मोठी गोल वळणं लागतात, तिथे माझी छोटी हॅचबॅक बाहेरच्या अंगाला झुकते आणि मागे बसलेली मुलगी दाराकडे कलंडते. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ४० किलोमीटरने गेलो तर गाडीला आडवी ओढ बसते ती गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट. वेग ६० केला की तीच ओढ निम्म्याच्याही पुढे जाते, कारण वेग दीडपट झाला तर ओढ सव्वादोन पट होते. आता गाडीचं वजन ११०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर धरा. ४० च्या वेगाला सुमारे १०० किलो भार आतल्या चाकांवरून उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. ६० ला हा आकडा २३० किलोच्या वर.

इथेच माझ्यासारख्या बहुतेकांची समजूत चुकते. गाडी झुकते म्हणून भार बाहेर सरकतो, तेव्हा झुकणं थांबवलं की भार सरकणंही थांबेल, असं आपण धरून चालतो. पण वरच्या हिशेबात झुकण्याचा कोन कुठे आलाच नाही. वेग, वळण, वजन, उंची आणि रुंदी एवढ्यावर तो भार ठरतो. गाडी झुकल्यामुळे त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते. दांडा कितीही जाड बसवा, ते १०० किलो बाहेर जाणारच.

मग दांडा करतो काय? घरी हँगरची तार घ्या आणि इंग्रजी ‘यू’सारखी वाकवा. मधला भाग बोटांत सैल धरा. दोन्ही टोकं एकदम वर उचलली तर तार बोटांत नुसती फिरते, विरोध करत नाही. आता एक टोक वर आणि दुसरं खाली न्या. मधल्या भागाला पीळ बसतो आणि तो पीळ बोटांना जाणवतो. गाडीत हाच मधला भाग रबरी बुशांमध्ये धरलेला असतो आणि टोकं लिंकने डाव्या-उजव्या चाकांशी जोडलेली असतात. वळणावर गाडी झुकली की बाहेरचं चाक बॉडीच्या जवळ येतं, आतलं लांब जातं, दांडा पिळला जातो आणि उलटा जोर लावून गाडीला सरळ करू पाहतो. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि शंभर वर्षांनंतरही बहुतेक गाड्यांत मूळ कल्पना तीच आहे.

याचा खरा फायदा उंच गाड्यांत कळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने टोयोटाबरोबर १९९७ मध्ये कंपनी काढली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा केला. तिथली इनोव्हा विमानतळाच्या रस्त्यावर दिवसभर धावताना दिसते. एवढी उंच गाडी केवळ स्प्रिंगच्या बळावर सरळ ठेवायची तर स्प्रिंगा इतक्या कडक कराव्या लागतील की सात माणसांची हाडं खिळखिळी होतील. दांडा असला की स्प्रिंग मऊ ठेवता येते. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा दांडा बुशांत नुसता फिरतो, आणि वळण आलं की कामाला लागतो. मला ही रचना फार सुंदर वाटते.

जाडीचा हिशेब मात्र सावधपणे करायला हवा. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरचा बसवला तर हाताला फरक जेमतेम लागतो, पण कडकपणा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढलेला असतो. पीळ सोसण्याचं काम मुख्यतः पृष्ठभागाजवळचं पोलाद करतं, गाभ्याचा वाटा फारच थोडा. म्हणूनच काही गाड्यांत पोकळ दांडा असतो. वजन बरंच कमी होतं, कडकपणा थोडाच.

आता हाताळणीचा मूळ मुद्दा. बाहेर जाणारा एकूण भार ठरलेला असला, तरी त्यातला किती पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे दांडे ठरवतात. ज्या बाजूचा दांडा कडक, ती बाजू जास्त वाटा घेते. आणि टायरचा एक स्वभाव आहे: भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. समजा पुढच्या दोन चाकांवर तीनशे-तीनशे किलो आहेत आणि दोन्हींची मिळून पकड ६०० आहे. भार ४५० आणि १५० असा विभागला, तर बाहेरच्या टायरने मिळवलेली पकड आतल्याने गमावलेल्या पकडीपेक्षा कमी पडते आणि बेरीज ५८० च्या आसपास येते. म्हणजे पुढचा दांडा जाड केला की पुढच्या जोडीची पकड घटते. स्टिअरिंग वळवलं तरी नाक बाहेरच जायला बघतं. यालाच अंडरस्टीअर म्हणतात. मागचा जाड केला की नाक चटकन आत वळतं, पण मर्यादा ओलांडली की शेपूट सुटते.

पुढे इंजिन आणि पुढेच ओढ असलेल्या गाड्या मुळात नाक बाहेर काढणाऱ्या असतात. त्यामुळे शर्यतीच्या ट्रॅकवर जाणारे लोक मागचा दांडा आधी बदलतात. त्यांचं गणित बरोबर आहे. मात्र नंदी हिल्सच्या नागमोडी चढावर पाऊस पडलेला असताना तीच गाडी कशी वागेल, हा प्रश्न वेगळा. ओल्या रस्त्यावर नाक बाहेर गेलं तर माणूस आपसूक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि गाडी बहुधा सावरते. मागची बाजू सुटली आणि घाबरून पाय काढला, तर ती आणखी सुटते. पुढचा दांडा खूप कडक केला तरी सुटका नाही: चढाच्या वळणावर आतलं पुढचं चाक हलकं होऊन जागीच फिरायला लागतं.

बऱ्याच हॅचबॅकना मागे वेगळा दांडा का नसतो, हेही मला त्या दिवशी नीट उमगलं. त्यांच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई स्वतःच पिळली जाते आणि दांड्याचं काम करते. फोक्सवॅगनने १९७४ च्या सुमारास गोल्फ आणि सिरोकोमध्ये ही रचना आणली आणि ती जगभर पसरली. माझ्या गाडीत मागे दांडा ‘दिला नाही’ असं मी समजत होतो. तो होताच.

आणि बंगळुरूचे रस्ते! इथल्या हंपांचं काही वाटत नाही, त्रास होतो तो डाव्या चाकाच्या बरोबर रेषेत खचलेल्या मॅनहोलच्या झाकणाचा. एकच चाक खाली जातं, दांडा पिळतो आणि तो धक्का पलीकडच्या चाकालाही पोचवतो. डोकं एका बाजूला हिसकतं. दांडा जितका जाड, तितका हा हिसका मोठा. एकेक चाक स्वतंत्र ठेवण्यासाठी कारखान्याने केलेली मेहनत आपण पैसे देऊन थोडी थोडी मोडून टाकतो. म्हणूनच जीप रँग्लर रुबिकॉनसारख्या गाडीत खडकाळ वाटेवर पुढचा दांडा बटण दाबून सोडवता येतो. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू ७ मध्ये दांड्याचे दोन तुकडे करून मध्ये विजेची मोटर बसवली: सरळ रस्त्यावर सैल, वळणावर कडक.

दुकानाच्या मागच्या गॅरेजातला मिस्त्री निपाणीकडचा निघाला. मी मराठीत बोललो तसा खुलला. गाडी जॅकवर घेतली, खाली वाकला आणि म्हणाला, “साहेब, रॉड कशाला बदलताय? हे बघा की.” त्याने काढलेला बुश माझ्या तळहातावर ठेवला. भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि रबराला नखाएवढी खोल चीर होती. लिंकचा सांधा बोटांनी हलवला तर टकटक वाजत होता. म्हणजे गाडी थोडी झुकेपर्यंत दांड्याला पीळच बसत नव्हता. सैल जागा भरण्यातच झुकण्याचा पहिला भाग वाया जात होता. मी जाडीचे हिशेब मांडत होतो आणि आहे तो दांडा अर्धवटच काम करत होता.

दोन बुश आणि दोन लिंक बदलून, टायरमधली हवा मोजून मी निघालो. नाइस रोडच्या त्याच वळणावर गाडी झुकली, पण एका लयीत आणि थोडी उशिरा. पुढे घराजवळच्या खचलेल्या झाकणावरून डावं चाक गेलं तेव्हा मुलीने मागून विचारलं, “बाबा, आज तो टक आवाज का नाही आला?”