साच्यातला फसफसता गोळा

पाण्यात पडताच फसफसत विरघळणारा बाथ बॉम्ब 1989 मध्ये इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी तयार केला. त्यामागचं रसायन साधं आहे: खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व पाण्यात एकत्र आले, की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात.

घरी करायचा तर 200 ग्रॅम सोडा, 100 ग्रॅम लिंबूसत्त्व, 50 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर आणि दोन चमचे खोबरेल घ्या. बेकिंग पावडर चालणार नाही. कोरडं साहित्य चाळून घ्या, तेल चोळा आणि स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे एकदोनच फवारे मारा. मिश्रण मुठीत दाबल्यावर रव्याच्या लाडवासारखं जेमतेम धरून राहिलं पाहिजे. पाणी जास्त झालं तर मिश्रण साच्यातच फुगतं. भर जुलैत माझा पहिला घाणा असाच गेला. दमट हवेत फवारा आणखी कमी लागतो.

सजावटीला मोदकाचा साचा फार सुंदर. आधी कळ्यांच्या रेघांत सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या चुरून घाला, मग मिश्रण घट्ट दाबून भरा. साचा उघडला, की पांढऱ्या मोदकावर गुलाबी रेषा उठून दिसतात. चमकी मात्र नकोच, ती सांडपाण्यातून थेट नदीनाल्यात जाते.

एक दिवस वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. टब नसला तरी पाय शेकायच्या घमेल्यात छोटा मोदक पुरतो. तेलामुळे फरशी निसरडी होते, ती लगेच पुसा.